रोबोटिक आर्मच्या टोकाची पोझिशन: दोन पोझमध्ये गणित जुळतं, तिसऱ्यात १२७ मिमी फरक पडतो

सांधेजोड

नमस्कार मंडळी, एक छोटा रोबोटिक आर्म जोडलाय, तीन अक्ष आणि पुढे ग्रिपर. सांध्यांच्या कोनांवरून टोक नेमकं कुठे आहे ते काढायचंय, म्हणजे फॉरवर्ड कायनेमॅटिक्स. गणित काही ठिकाणी अगदी बसतं आणि काही ठिकाणी पार भरकटतं म्हणून हा धागा काढतोय.

मापं अशी आहेत. टेबलापासून खांद्याच्या अक्षापर्यंत उंची १२० मिमी. खांद्याचा अक्ष बेस ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या ३० मिमी पुढे. खांदा ते कोपर २००. कोपर ते ग्रिपरची प्लेट १८० आणि प्लेटपासून बोटांच्या टोकापर्यंत ७०, दोन्ही एका सरळ रेषेत, म्हणून कोपर ते टोक थेट २५० धरलंय.

कोनांना नावं देतो म्हणजे बोलायला सोपं. बेसचा कोन ब. खांद्याचा ख, आडव्यापासून मोजलेला, वर गेला की अधिक. कोपराचा क, म्हणजे वरचा हात जसाच्या तसा सरळ पुढे वाढवला असता तर त्या रेषेपासून फोरआर्म किती वळलाय तो. बेसच्या अक्षापासूनचं आडवं अंतर र.

र = ३० + २०० × कॉस(ख) + २५० × कॉस(ख + क)
उंची = १२० + २०० × साइन(ख) + २५० × साइन(ख + क)
एक्स = र × कॉस(ब), वाय = र × साइन(ब)

होम पोझ: ख ९०, क −९०. गणितातून र २८०, उंची ३२०. पट्टीने मोजलं तर तेवढंच येतं.
दुसरी पोझ: फक्त कोपर हलवलं, क −१२०. गणितातून र २४६.५, उंची १९५. मोजलेलं २४७ आणि १९६. हेही चालेल.
तिसरी पोझ: होमवरून फक्त खांदा हलवला, ख ६०, क −९०. गणितातून र ३४६.५, उंची १६८.२. मोजलेलं र ३८०, उंची २९५!

बेस फिरवला तर काहीच अडचण नाही, एक्स वाय बरोबर येतात. गडबड फक्त खांदा हलवला की होते. सूत्र परत परत तपासलं, पुस्तकात दोन लिंकच्या आर्मला हेच दिलंय. कुणी सांगू शकेल का की कुठे बघायचं?

प्रमेय

अशा प्रश्नात पहिली शंका अंश आणि रेडियनचीच येते कारण पायथॉन असो की सी, कॉस आणि साइनला रेडियनच लागतात. पण ती इथे लागू नाही, तसं असतं तर दुसरी पोझ जुळलीच नसती. लिंकची लांबी चुकली असती तरी होमलाच कळलं असतं. खांद्याच्या मोटरचा गिअर रेशो तपासलात का? ३० अंश सांगितल्यावर खरंच ३० अंश फिरतोय का, की १० च फिरतोय?

सांधेजोड

तपासलं. वरच्या हाताच्या पट्टीवर फोन ठेवून कोन बघितला, ६० च आहे, अर्धा अंश इकडे तिकडे.

निळी_मुंगी

मी कॉलेजात हेच शिकतेय सध्या. आमच्याकडे आधी डीएच टेबल लिहायला लावतात, डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांची १९५५ ची पद्धत. प्रत्येक सांध्याला चार आकडे, थीटा, डी, ए, अल्फा (थीटा आणि अल्फा हे कोन, डी आणि ए ही अंतरं), त्यावरून प्रत्येकाची ४ बाय ४ मॅट्रिक्स आणि सगळ्यांचा क्रमाने गुणाकार, शेवटच्या रकान्यात पोझिशन मिळते. तुमच्या आर्मचं टेबल असं होईल असं मला वाटतं:

सांधा १: डी १२०, ए ३०, अल्फा ९०, थीटा ब
सांधा २: डी ०, ए २००, अल्फा ०, थीटा ख
सांधा ३: डी ०, ए २५०, अल्फा ०, थीटा क

हे गुणून बघितलं तर? कदाचित हाताने लिहिलेल्या सूत्रात काही निसटलं असेल.

उभाआडवा

मुंगीताई, तुमचं टेबल बरोबर आहे पण त्यातून नेमकं तेच सूत्र बाहेर पडेल जे सांधेजोड यांनी लिहिलंय, करून बघा. तेव्हा मॅट्रिक्सने उत्तर बदलणार नाही.

माझं म्हणणं असं की आधी फरकाकडे नीट बघू, फरकच सगळं सांगतोय. र मध्ये ३८० वजा ३४६.५, म्हणजे ३३.५. उंचीत २९५ वजा १६८.२, म्हणजे १२७ च्या आसपास. आता हे दोन आकडे काढा: २५० × साइन(३०) = १२५, आणि २५० × (१ − कॉस(३०)) = ३३.५. दोन्ही फरक एकाच गोष्टीने बसतात, की तुमच्या गणितात फोरआर्म ३० अंश खाली झुकलाय आणि प्रत्यक्षात तो अजून आडवाच आहे. तो ३० कुठून आला तर खांदा ९० वरून ६० वर आणलात तोच. म्हणजे खांदा हलला पण फोरआर्म त्याच्याबरोबर फिरला नाही.

फोन आता फोरआर्मवर ठेवा, फक्त खांदा हलवा आणि फोरआर्मचा टेबलाशी असलेला कोन बदलतो का ते बघा. आणि एक सांगा, कोपराची मोटर कोपरातच बसवलीय का?

सांधेजोड

उभाआडवा सर, फोन ठेवून बघितलं, खांदा कुठेही नेला तरी फोरआर्म जवळजवळ आडवाच राहतो!

आणि मोटर कोपरात नाही. वर वजन नको म्हणून ती खाली खांद्याच्या अक्षापाशीच बसवलीय, तिला ५० मिमीची क्रॅंक, आणि क्रॅंकच्या टोकापासून एक दांडी वरच्या हाताला समांतर जाते आणि फोरआर्मच्या कोपरामागे जी ५० मिमीची शेपटी आहे तिला जोडलीय. याचा कायनेमॅटिक्सशी संबंध येईल असं वाटलं नाही म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

उभाआडवा

मग झालं, सगळा उलगडा त्या दांडीत आहे. क्रॅंक, दांडी, शेपटी आणि वरचा हात मिळून समांतरभुज चौकोन होतो. अशा चौकोनात समोरासमोरच्या बाजू कायम समांतर राहतात, म्हणजे शेपटी नेहमी क्रॅंकला समांतर. क्रॅंकची मोटर बेसच्या फिरत्या भागावर घट्ट बसवलेली आहे, ती काही खांद्याबरोबर हलत नाही. म्हणून वरचा हात कितीही पुढेमागे केला तरी फोरआर्म आपला टेबलाशी असलेला कोन सोडत नाही. स्प्रिंग आणि दोन समांतर काड्या असलेला टेबललॅम्प हलवून बघा, दांडा खाली येतो पण दिव्याचं तोंड तसंच राहतं, तेच हे.

पुस्तकातलं सूत्र ज्या आर्मचं आहे त्यात कोपराची मोटर वरच्या हातावर स्वार झालेली असते, त्यामुळे खांदा फिरला की कोपरासकट सगळं फिरतं आणि कोनांची बेरीज करावी लागते. तुमच्याकडे मोटर थेट फोरआर्मचा जमिनीशी असलेला कोन ठरवते. त्याला फ म्हणू, आडवा म्हणजे शून्य, वर अधिक. मग

र = ३० + २०० × कॉस(ख) + २५० × कॉस(फ)
उंची = १२० + २०० × साइन(ख) + २५० × साइन(फ)

तिसरी पोझ घाला: ख ६०, फ ०. र = ३० + १०० + २५० = ३८०. उंची = १२० + १७३.२ + ० = २९३.२. तुमची मापं ३८० आणि २९५.

होमला आणि दुसऱ्या पोझला जुनं सूत्रही जुळत होतं कारण दोन्ही वेळी खांदा ९० वरच होता, तेव्हा फ आणि ख + क एकच. म्हणून मी नेहमी सांगतो की तपासणीच्या पोझ निवडताना एका वेळी एकच सांधा हलवा पण प्रत्येक सांधा हलवाच.

सांधेजोड

जुळलं!! खूप खूप आभार. उंचीत अजून १–२ मिमी राहतात पण आता आकडे ओळखीचे वाटतायत.

निळी_मुंगी

हे वाचून एक प्रश्न पडला. मग असा आर्म डीएच टेबलात बसतच नाही का? आरओएसमध्ये, म्हणजे रोबोटसाठीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, याचं मॉडेल कसं करायचं?

उभाआडवा

बसतो की. डीएच टेबल तुम्ही लिहिलंत तेच ठेवायचं, फक्त सांधा ३ चा थीटा थेट मोटरवरून घ्यायचा नाही, क = फ − ख असा काढून द्यायचा. होमला फ ०, ख ९०, म्हणून क −९०. तिसऱ्या पोझला ०, ६०, म्हणून −६०. मोटरचे कोन वेगळे आणि सांध्यांचे कोन वेगळे, मध्ये एक छोटा रूपांतराचा टप्पा, हे एकदा मनात पक्कं केलं की बेल्टने जोडलेले, डिफरन्शियल मनगटाचे, सगळे आर्म त्याच एका टेबलाने सुटतात.

आरओएसमध्ये रोबोटच्या रचनेचं वर्णन असलेल्या यूआरडीएफ फाईलीत मिमिक टॅग असतो पण तो एका सांध्याला दुसऱ्या एकाच सांध्यामागे चालवतो, गुणक आणि ऑफसेट एवढंच. इथे दोन मोटरींची वजाबाकी हवीय म्हणून तो पुरत नाही. एकतर जॉइंट स्टेट पाठवण्याआधी आपणच वजाबाकी करायची, किंवा तिथे फोर बार लिंकेज ट्रान्समिशन तयार मिळतं ते वापरायचं.

तिरपी_रेघ

थोडं वेगळं मत मांडते. तीन अक्षांच्या आर्मला डीएचची गरजच नाही, वरून बघितलं की एक कोन आणि बाजूने बघितलं की दोन रेघा, शाळेतली त्रिकोणमिती पुरते आणि चूक झाली तर कागदावर दिसते. ४ बाय ४ च्या मॅट्रिक्समध्ये चूक लपून बसते. शिकणाऱ्याने आधी चित्र काढावं, फ्रेम्स (प्रत्येक लिंकला जोडलेले एक्स, वाय, झेड अक्ष) रंगीत पेनने दाखवाव्यात, प्रत्येक सांध्याचा अधिक दिशेचा बाण काढावा आणि मगच टेबलाला हात लावावा. आज इथे उत्तर कसं सापडलं ते बघा ना, २५० × साइन(३०) ओळखता आलं म्हणून.

उभाआडवा

चित्र आधी, याला पूर्ण सहमती. पण सहा अक्षांचा आर्म आला की चित्राची ताकद संपते, मनगटाचे तीन अक्ष एकमेकांत फिरायला लागले की डोळ्यांनी काही कळत नाही. तिथे मॅट्रिक्सच लागतात, डीएचच्या म्हणा किंवा प्रॉडक्ट ऑफ एक्स्पोनेन्शियल्सच्या म्हणा. ब्रॉकेट यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही दुसरी पद्धत मला स्वतःला जास्त आवडते. त्यात मधल्या फ्रेम्स बसवत बसायला लागत नाही, होम पोझमध्ये टोक कुठे आहे ती एक मॅट्रिक्स आणि होममध्येच प्रत्येक अक्षाची दिशा आणि त्यावरचा एक बिंदू, बस. सगळं एकाच बेस फ्रेममध्ये मोजायचं असतं म्हणून प्रत्यक्ष पट्टी लावून मोजता येतं.

निळी_मुंगी

डीएचबद्दलच अजून एक विचारू का? इंटरनेटवर एकाच रोबोटची दोन टेबलं सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत म्हणतात. एकात अल्फा एका ओळीत तर दुसऱ्यात तोच अल्फा खालच्या ओळीत.

पेंडंट

मी कारखान्यात रोबोट प्रोग्रॅमिंग करतो, याचं उत्तर देतो. डीएचचे दोन प्रकार चालतात, स्टॅंडर्ड आणि मॉडिफाइड. स्टॅंडर्डमध्ये फ्रेम लिंकच्या पुढच्या टोकाला बसते आणि मॅट्रिक्सचा क्रम असतो आधी झेडभोवती थीटा, झेडवर डी, मग एक्सवर ए, एक्सभोवती अल्फा. मॉडिफाइडमध्ये फ्रेम लिंकच्या अलीकडच्या टोकाला आणि क्रम उलटा, आधी मागच्या लिंकचे अल्फा आणि ए, मग थीटा आणि डी. म्हणून आकडे एक ओळ सरकलेले दिसतात. दोन्ही बरोबर, पण एकाचं टेबल घेऊन दुसऱ्याच्या मॅट्रिक्समध्ये घातलं की उत्तर चुकीचं येतं आणि बघताना ते अगदी खरं वाटतं, त्यामुळे फार वेळ जातो.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे सगळे कोन शून्य ठेवून बघणं. युनिव्हर्सल रोबोट्सच्या यूआर५ या सहा अक्षांच्या आर्मचं उदाहरण देतो, त्याचे आकडे कंपनीनेच जाहीर केलेले आहेत. स्टॅंडर्ड डीएच, मीटरमध्ये: डी१ ०.०८९१५९, ए२ −०.४२५, ए३ −०.३९२२५, डी४ ०.१०९१५, डी५ ०.०९४६५, डी६ ०.०८२३, आणि अल्फा अनुक्रमे ९०, ०, ०, ९०, −९०, ०. सगळे थीटा शून्य ठेवले की कॅल्क्युलेटरशिवाय उत्तर काढता येतं. एक्स म्हणजे ए२ आणि ए३ ची बेरीज, −०.८१७२५. वाय म्हणजे डी४ आणि डी६ ची बेरीज उलट चिन्हाने, −०.१९१४५. झेड म्हणजे डी१ वजा डी५, −०.००५४९१. कोडमधून हे तीन आकडे आले नाहीत तर पुढे जायचंच नाही. झेड उणे बघून घाबरू नका, त्या पोझमध्ये टोक खरोखरच बेसच्या पातळीच्या किंचित खाली असतं.

नमपाय (पायथॉनची गणिताची लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक, साध्या अॅरेवर गुणाकाराचं फुलीचं चिन्ह प्रत्येक घराला घर गुणतं, मॅट्रिक्सचा गुणाकार करत नाही. त्यासाठी अॅट चिन्ह किंवा मॅटमल.

निळी_मुंगी

पेंडंट दादा, आत्ताच करून बघितलं, तिन्ही आकडे तसेच आले. वाचनखूण साठवली.

पेंडंट

छान. आता विषय निघालाच आहे तर टूलबद्दल बोलतो कारण धाग्याचं नाव टोकाची पोझिशन आहे आणि टोक म्हणजे काय हेच बरेच जण ठरवत नाहीत. रोबोटच्या दृष्टीने शेवट म्हणजे फ्लॅंज, जिथे टूल बोल्टने लावतात तो चकती भाग. आपल्याला हवी असते ग्रिपरच्या बोटांमधली जागा किंवा वेल्डिंग टॉर्चचं टोक, त्याला टीसीपी म्हणतात, टूल सेंटर पॉइंट. फ्लॅंजपासून टीसीपीपर्यंत अजून एक मॅट्रिक्स लागते, ती शेवटी उजवीकडून गुणायची. सांधेजोड यांचं नशीब चांगलं की त्यांचा ग्रिपर फोरआर्मच्या सरळ रेषेत आहे म्हणून १८० आणि ७० ची नुसती बेरीज चालली. तोच ग्रिपर जरा खाली वाकवून बसवला असता तर ती बेरीज चालली नसती, ७० ला स्वतःचा कोन द्यावा लागला असता.

टूल विचित्र आकाराचं असेल तर पट्टीने मोजता येत नाही, मग आम्ही चार बिंदूंची पद्धत वापरतो. टेबलावर एक टोकदार पिन पक्की रोवायची, टूलचं टोक तिच्या टोकाला चार वेगवेगळ्या दिशांनी टेकवायचं आणि प्रत्येक वेळी फ्लॅंजची पोझिशन आणि ओरिएंटेशन नोंदवायचं. पिन हललेली नाही, म्हणजे चारही वेळा फ्लॅंजची पोझिशन अधिक ओरिएंटेशनने फिरवलेला टूलचा ऑफसेट हे एकाच बिंदूवर यायला हवं. त्यातून ऑफसेट लीस्ट स्क्वेअर्सने निघतो. चारही वेळा मनगट जवळजवळ सारखंच ठेवलं तर उत्तर अगदी डळमळीत येतं म्हणून दिशा भरपूर बदला.

आणि ओरिएंटेशनचे आकडे एका कंपनीच्या रोबोटवरून दुसऱ्यावर कधीच तसेच उचलू नका. कुकाचे ए बी सी म्हणजे झेड, वाय, एक्स या क्रमाने कोन. फानुकचे डब्ल्यू पी आर म्हणजे एक्स, वाय, झेड, स्थिर अक्षांभोवती. एबीबी क्वाटर्नियन देतं, म्हणजे दिशा चार आकड्यांत, आणि यूआरमध्ये दिसतो तो रोटेशन व्हेक्टर, त्याचे तीन आकडे रोल पिच यॉ समजून वापरले तर हात भलतीकडेच वळतो. क्वाटर्नियनमध्येही डब्ल्यू पहिला की शेवटचा हे बघावंच लागतं, आरओएसच्या मेसेजमध्ये तो शेवटी असतो.

सांधेजोड

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. पण त्या राहिलेल्या १–२ मिमीचा पिच्छा सोडवत नाही मला. आज अजून पोझ मोजल्या, फोरआर्म आडवाच ठेवून फक्त खांदा बदलला.

ख ९०: गणित ३२०, मोजलेलं ३२०
ख ६०: गणित २९३.२, मोजलेलं २९५
ख ४५: गणित २६१.४, मोजलेलं २६५.५
ख १२०: गणित २९३.२, मोजलेलं २९४.५
ख १३५: गणित २६१.४, मोजलेलं २६५

लांब गेलं की फरक वाढतो. वजनाने वाकत असेल का?

प्रमेय

वजनाने वाकला असता तर टोक खाली गेलं असतं, हे वर जातंय. एन्कोडरचं रिझोल्यूशन म्हणावं तर १२ बिटला एका फेरीत ४०९६ पायऱ्या, एक पायरी ०.०८८ अंश, ४५० मिमीवर ०.७ मिमी. तेही ४ ला पुरत नाही, आणि रिझोल्यूशनची चूक अशी एकाच बाजूला झुकत नाही.

उभाआडवा

मोजणी फार चांगली केलीत, खांदा पुढे आणि मागे दोन्हीकडे नेलात म्हणून तर आता निवड करता येते. बघा, फरक दोन्ही बाजूंना वरच आहे, ४५ आणि १३५ ला जवळपास सारखाच. यावरून काय काय बाद होतं? खांद्याचा शून्य चुकला असता तर एका बाजूला टोक वर आणि दुसऱ्या बाजूला खाली गेलं असतं. वरच्या हाताची लांबी चुकली म्हणावी तर ४५ अंशाला ४ मिमी वर यायला तो जवळजवळ ६ मिमी लांब असावा लागेल, आणि मग होमलाच उंची तेवढी चुकली असती.

राहतो तो समांतरभुज चौकोन. तो खरोखर समांतरभुज असेल तरच फोरआर्म आडवा राहतो. दांडी भोक ते भोक किती आहे ते मोजा. ती बरोबर २०० हवी, खांदा ते कोपर अंतराइतकी.

समजा ती २ मिमी आखूड आहे. तेवढी तूट भरून काढायला शेपटीला थोडं वळावं लागतं. शेपटी ५० मिमीची, म्हणून दांडी शेपटीशी काटकोनात असताना वळण साधारण २ भागिले ५०, ०.०४ रेडियन, २.३ अंश. हे वळण होमला दिसत नाही कारण तुम्ही होमला फोरआर्म लेव्हल लावून आडवा केलात आणि तिथेच शून्य धरलंत. पण क्रॅंक आणि वरचा हात यातला कोन काटकोन सोडून बदलला की तेवढ्याच २ मिमीसाठी शेपटीला जास्त वळावं लागतं, ०.०४ भागिले त्या कोनाचा साइन. ४५ ला ते होतं ०.०५६६. होमपेक्षा ०.०१६६ जास्त, गुणिले २५०, म्हणजे ४.१ मिमी. ६० ला हाच हिशोब १.५ मिमी देतो. आणि साइन ४५ ला आणि १३५ ला सारखाच, म्हणून दोन्ही बाजूंना फरक सारखा आणि दिशाही तीच. तुमच्या तक्त्याशी ताडून बघा.

सांधेजोड

दांडी काढून कॅलिपरने मोजली. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १९८.

काय बोलू, कागदावरच्या आकड्यांवरून न बघता दांडीची लांबी सांगितलीत. आता दुरुस्त कशी करू, कोडमध्ये की दांडीत?

उभाआडवा

दांडीत. कोडमध्येही करता येतं, चार दांड्यांच्या जोडणीचं नेमकं गणित दोन वर्तुळं छेदून सुटतं, पण एका टोकाला आटे पाडलेला रॉड एंड लावलात तर लांबी फिरवून २०० करता येईल आणि सूत्र साधंच राहील. लांबी बदलल्यावर होम परत लावायला विसरू नका, जुन्या शून्यात ते २.३ अंश मुरलेले आहेत.

तिरपी_रेघ

या निमित्ताने एक गोष्ट लिहून ठेवते, डेटाशीटमध्ये जो आकडा ठळक छापलेला असतो तो रिपीटेबिलिटीचा असतो. यूआर५ चा ±०.१ मिमी. त्याचा अर्थ एकदा शिकवलेल्या जागी तो परत परत तेवढ्यात येतो. गणिताने काढलेल्या, कधीच न गेलेल्या जागी तो किती अचूक जाईल हा अगदी वेगळा प्रश्न आहे, आयएसओ ९२८३ मध्ये दोन्हीच्या चाचण्या वेगळ्या दिल्यात. सांधेजोड यांचा आर्म आखूड दांडी घेऊनसुद्धा रिपीटेबल होताच की, दर वेळी त्याच ४ मिमीने वर जात होता. यासाठीच चांगल्या कंपन्या प्रत्येक रोबोट वेगळा मोजून त्याच्या लिंकच्या आकड्यांत बारीक दुरुस्त्या त्याच्या कंट्रोलरमध्येच भरून देतात, छापील टेबल सगळ्यांना एकच पण आतले आकडे ज्याचे त्याचे.

प्रमेय

सांधेजोड, आता उलटं गणितही लगेच करून टाका, तुमच्या आर्मला ते सीरियल, म्हणजे कोपराची मोटर वरच्या हातावर असलेल्या आर्मपेक्षा सोपं आहे. समजा टोक र ३५०, उंची २०० ला हवंय. खांद्यापासून बघितलं तर आडवं ३२०, उभं ८०, सरळ अंतर ३२९.८. ते ५० आणि ४५० च्या मध्ये आहे म्हणजे हात पोचतो. कोसाइन नियमाने खांद्यापाशी त्रिकोणाचा कोन ४९.१५, आणि लक्ष्याची दिशा एटॅन२ ने (उभं आणि आडवं अंतर देऊन कोन काढणारं फंक्शन) १४.०४. कोपर वर ठेवायचंय म्हणून बेरीज, ख ६३.२. कोपर कुठे आलं? खांद्यापासून आडवं ९०.२, उभं १७८.५. तिथून लक्ष्याकडे एटॅन२ लावला की फ −२३.२. संपलं, क काढायचीच गरज नाही, फ सरळ मोटरला पाठवा. एटॅन२ च वापरा, साधा एटॅन बाजू ओळखत नाही. आणि आलेले कोन परत फॉरवर्डमध्ये घालून ३५० आणि २०० येतात का बघा, दोन्ही गणितं एकमेकांची तपासणी करतात.

निळी_मुंगी

सहा अक्षांना पण असंच थेट सुटतं का?

प्रमेय

दर वेळी नाही. लागोपाठचे तीन अक्ष एका बिंदूत छेदत असतील तर सुटतं, हे पाइपर यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात दाखवलं. म्हणून तर बऱ्याच औद्योगिक रोबोटांच्या मनगटाचे तिन्ही अक्ष एका ठिकाणी मिळतात. मग मनगटाच्या त्या बिंदूची जागा आधी पहिल्या तीन सांध्यांनी गाठायची आणि दिशा उरलेल्या तिघांनी. यूआर५ चं मनगट तसं नाही, तरी तो थेट सुटतो कारण त्याचे २, ३, ४ हे अक्ष समांतर आहेत. यातलं काहीच नसेल तर जेकोबियन, म्हणजे सांधे जरासे हलवले की टोक किती हलतं ते सांगणारी मॅट्रिक्स, घेऊन पायरी पायरीने उत्तराकडे सरकायचं.

सांधेजोड

रॉड एंड लावला, २०० केलं, होम परत घेतला. ख ४५ ला उंची २६१.५, १३५ ला २६१. प्रमेय यांचं उदाहरणही चालवलं, टोक ३५० आणि २०० च्या १ मिमीच्या आत. फक्त कोपर खूप मिटलं, म्हणजे फोरआर्म वरच्या हाताच्या अगदी जवळ आला, की टोक हाताने हलवता येतं इतकं सैल लागतं, होमला तेवढं लागत नाही.

उभाआडवा

ती पिनांमधली ढिलाई आहे आणि तीही त्याच साइनने मोठी होते. भोकं आणि पिना मिळून अर्धा मिमी सैल असेल तर काटकोनात टोकाला ०.५ भागिले ५० गुणिले २५०, म्हणजे २.५ मिमी. क्रॅंक आणि वरचा हात यातला कोन ३० वर आला की साइन अर्धा, ढिलाई दुप्पट, ५ मिमी. शून्याकडे किंवा १८० कडे गेलात तर चौघंही एका रेषेत येतात आणि शेपटी कुठल्या बाजूला वळेल याचा भरवसा राहत नाही, उलटीही पडू शकते. सॉफ्टवेअरमध्ये ख − फ ला ३० ते १५० ची मर्यादा घाला, आणि पिनांना बेअरिंग किंवा पितळी बुश बसवलेत तर ३० च्या जवळही टोक बऱ्यापैकी घट्ट राहील.